लिंबानं धुतलेल्या काचा

चांगुणा रडली नाही, याचा गावाला भारी त्रास झाला. नवरा गेलेली बाई ऊर बडवून रडते आणि मग हळूहळू गप्प होते, असा सगळ्यांचा अंदाज. चांगुणा पहिल्या दिवसापासूनच गप्प. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, वर्षश्राद्धालाही डोळ्याला पदर नाही. बायका घरी येऊन तिच्या तोंडाकडे टक लावून बसायच्या, चहा प्यायच्या आणि जाताना दारात कुजबुजायच्या, की बाईचं काळीज दगडाचं दिसतंय. अहो, चहा तिनंच केलेला असायचा. चहा प्यायचा तिच्या हातचा आणि वर काळीजही तिचंच तपासायचं, याला काय म्हणावं.

खरं सांगायचं तर आपल्याला दुःख झालंय का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हाताला मुंग्या येऊन तो बधिर झाला, की आपण तो दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर ठेवतो. तसंच ती सकाळी स्वतःला उचलून कामावर न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. भाकरी खायची, कारण भाकरीची वेळ झालेली असायची. सासू लंकाबाई बोलत राहायची, तिला "व्हय" म्हणायची. गुरांना पाणी, बाहेरगावी शिकणाऱ्या पोराला फोन, दोन एकर लिंबोणीला पाळीपाळीनं मोटार, सगळं वेळेवर. चुकत काही नव्हतं, आणि लागतही काही नव्हतं.

तिचा नवरा अजिनाथ साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होता. काष्टीहून श्रीगोंद्याकडे निघालं, की कारखान्याआधी तिचा वासच भेटतो. उसाचा रस काढून, साखर करून जी मळी उरते, ती तिथं मोठमोठ्या टाक्यांत आंबवतात आणि तिचं अल्कोहोल करतात. एकेक टाकी दुमजली घराएवढी. मळी आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याला रंग नाही, धूर नाही, आणि तो हवेपेक्षा जड, त्यामुळे टाकी रिकामी केली तरी तळाला साचून राहतो. दोन वर्षांपूर्वी माघात अजिनाथ टाकी धुवायला शिडीनं खाली उतरला, तो वर आला नाही. त्याला दोरानं वर काढावं लागलं. एवढीच हकिकत.

वर्षश्राद्ध होऊनही कितीतरी दिवसांनी कारखान्यानं चांगुणाला नोकरी देऊ केली. कॅन्टीनमध्ये जागा होती, काट्यावर पावत्या द्यायची जागा होती. दोन्हीकडे सावली, बसायला खुर्ची. जागा दाखवायला तिला फिरवत होते, तेव्हा डिस्टिलरीच्या मागच्या मोकळ्या रानात तिला काचेच्या पेट्या दिसल्या. बत्तीस पेट्या, दक्षिणेकडे तोंड करून तिरप्या मांडलेल्या, आणि टाक्यांकडून आलेली एक निळी नळी त्यांच्यात शिरलेली. तिथं एक पोरगी डोक्याला ओढणी गुंडाळून वाकून काहीतरी लिहीत होती. देवळाली प्रवराची, ऊसवाल्याच घरातली, पण पुण्याच्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्र शिकून आलेली. तिचं नाव निकिता.

"ह्या नळीतनं काय येतंय?" चांगुणानं विचारलं. नवरा गेल्यापासून तिनं आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"टाक्यांमधला कार्बन डायऑक्साइड."

"मळीच्या टाक्यातला?"

"हो, त्याच."

"आन हितं आनून त्याचं काय करता?"

बाई कोण आहे ते निकिताला ठाऊक नव्हतं. तिनं आपलं नेहमीसारखं हौसेनं सांगितलं. या पेट्यांत पाणी असतं, पाण्याखाली एक पत्रा, पत्र्यावर राखाडी भुकटीचा थर. त्या थराला म्हणायचं उत्प्रेरक. ऊन पडलं, की तो थर पाणी आणि गॅस या दोघांना फोडून पुन्हा नव्यानं जोडतो, आणि त्याचं मिथेनॉल होतं. मिथेनॉल म्हणजे इंधन. जळतं, त्यावर इंजिन चालतं.

"विरजणावानी?"

"तसंच म्हणा. फक्त विरजण दह्यात मिसळून जातं, हा थर आपल्या जागेवर राहतो. काम करून घेतो, स्वतः संपत नाही."

"मंग संपतं काय?"

"गॅस संपतो."

चांगुणा बरोबरच्या माणसाला म्हणाली, "मला हितंच ठिवा." खुर्ची नाही, सावली नाही, पुन्हा विचार करा, असं तो सांगत राहिला. तिनं पुन्हा तेच म्हटलं. माणूस मनात म्हणाला असेल, की बाईचं डोकं फिरलंय. फिरलं नव्हतं. जगात आता तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिला त्या रानात सापडली होती. जो गॅस तिच्या माणसावर बसला, तो इथं रोज उन्हात मरत होता, आणि ते तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आता मरत होता म्हणजे किती, ते ऐका. सबंध दिवसाच्या उन्हात बत्तीस पेट्यांमधून मिथेनॉल निघायचं चार थेंब. निकिताकडे एक यंत्र होतं, ते मोजून आकडा द्यायचं, पण चांगुणाला कळावं म्हणून ती थेंबांतच सांगायची. "मावशी, आज चार." दुसऱ्या दिवशी, "आज पण चारच." संस्थेनं निकिताला मुदत घातली होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिघांची समिती येणार. दहा थेंबांच्या वर काम दिसलं, तर पाच एकरांवर असंच मोठं करायचं, नाहीतर मार्चअखेर गुंडाळायचं. निकिताची नखं खाऊन संपत आली होती.

चांगुणाचं काम साधं होतं. सकाळी पेट्या भरायच्या, दिवसभर बॉयलरची काजळी काचेवरनं पुसायची, संध्याकाळी पेट्या उघडून, रिकाम्या करून धुवायच्या. पाणी बोअरचं, फिल्टर करून घेतलेलं, पण आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुनाच. काचेला आतून पांढरा थर धरायचा. निकितानं धुवायला एक बाटली दिली होती, तिनं डाग पुसट व्हायचे, जात नव्हते. उन्हाला अडसर व्हायचा तो व्हायचाच.

पांढरा थर कशानं जातो, हे श्रीगोंद्याच्या बाईला कुणी शिकवायला नको. इथं हंडा, कळशी, पाण्याचा बंब, सगळं लिंबानं निघतं, आणि लिंबं तर झाडाखाली सडून जातात इतकी. चांगुणानं बागेतली गळलेली लिंबं पिशवीत भरून आणली. अर्धी करून काचेला आतून घासली, साली रात्रभर पेट्यांमधल्या पाण्यात तशाच राहू दिल्या, आणि सकाळी एका पाण्यानं विसळून टाकलं. निकिता सहालाच मुक्कामाच्या खोलीवर जायची आणि सकाळी नऊला यायची. तिला दिसल्या त्या चकचकीत काचा.

"मावशी, कसल्या निघाल्यात हो. आरशासारख्या," ती म्हणाली, आणि कशानं निघाल्या ते विचारायचं राहून गेलं. शिकलेली माणसं नको ते चार वेळा विचारतात आणि धुण्याभांड्याचं विचारायचं त्यांना सुचत नाही, हे माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

त्या दिवशी सात थेंब निघाले. आठवड्यात दहा झाले. मग बारा, मग पंधरा, आणि पंधरावर आकडा थांबला. निकितानं कागदावर कारणही मांडलं, काच स्वच्छ, ऊन आत जास्त, म्हणून काम जास्त. पटण्यासारखं होतं. डिस्टिलरीचा शिफ्ट इनचार्ज बिभीषण पेढे घेऊन आला. बिभीषण अजिनाथचा जुना दोस्त, एकाच दिवशी दोघं कामाला लागलेले. चांगुणाला तो वहिनी म्हणायचा आणि तिच्या नजरेला नजर न देता पेढ्याचा बॉक्स पुढं करायचा.

"घ्या वहिनी. तुमच्या हाताला गुन हाय."

चांगुणानं पेढा घेतला आणि खाल्ला. आनंद झाला असं नाही. पण संध्याकाळी घरी जाताना ती मनाशी म्हणाली, पंधरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पंधरा. लंकाबाई काहीतरी सांगत होती, तेव्हाही तिच्या डोक्यात तोच आकडा चालला होता, आणि डोक्यात काहीतरी चालतंय हेच दोन वर्षांत नवीन होतं. ती लिंबं जास्तच घासून लावायला लागली.

समिती यायला पाच दिवस राहिले, तेव्हा निकितानं एक काळं सिलिंडर मागवलं. त्यात नायट्रोजन होता, आपल्या हवेत असतो तोच. एक दिवस नळीतला गॅस बंद ठेवायचा, त्याच्या जागी नायट्रोजन सोडायचा आणि बाकी सगळं तसंच. तेच ऊन, तेच पाणी, त्याच पेट्या. गॅसच नाही म्हटल्यावर मिथेनॉल निघता कामा नये. सुरुवातीला तिनं हे करून पाहिलं होतं, तेव्हा शून्य आलं होतं. समितीला ताजं दाखवायचं, म्हणून पुन्हा.

दिवसभर कडक ऊन पडलं. चार वाजता निकिता यंत्रापाशी बसली, आणि बसलीच. तिनं पुन्हा मोजलं. मग बाहेर येऊन चांगुणासमोर उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"मावशी, तुम्ही पेट्या कशानं धुता?"

"पान्यानं."

"आणखी?"

"लिंबू लावते. खार जातो त्यानं."

"कधीपासून?"

चांगुणानं दिवस सांगितला. निकिता थोडा वेळ त्या चकचकीत काचांकडे बघत राहिली. "बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. चांगुणाला कळलं, की काहीतरी बिघडलंय, आणि ते आपल्या हातानं बिघडलंय. पण ते छातीपर्यंत पोचलं नाही. तिनं फडकं पिळून वाळत घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पत्र्याच्या शेडमध्ये झाकणं रचत होती. शेडच्या पलीकडे निकिता आणि बिभीषण बोलत होते. पत्र्यातून सगळं ऐकू येतं, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

"अकरा थेंब, काका. गॅस बंद असताना," निकिता सांगत होती. "लिंबाच्या सालीत तो चिकट भाग असतो ना, मुरंबा ज्यानं घट्ट होतो, तो पेटीत चिकटून राहिलाय. ऊन आणि उत्प्रेरक मिळाल्यावर त्यातूनही मिथेनॉलच सुटतं. पंधरातले अकरा लिंबाचे. आपले चारच, पहिल्यापासून होते तेच."

बिभीषण म्हणाला, "लिंबाचं कोन इचारतंय मॅडम? पाव्हनं येत्याल, आकडा बघत्याल, जेवून जात्याल. ह्ये नायट्रोजनचं पयल्या टायमाचंच दावा. शून्य."

"ते खोटं होईल."

"व्हय, हुईल. मी माझ्यासाठी म्हनतोय व्हय? त्या बाईकडं बघा जरा. दोन वर्सं मढ्यावानी हिंडती. हितं आल्यापून जरा मानसात आलीय. तिला सांगनार का तुमी, का बाई, ह्ये समदं लिंबाचं हुतं? एवढं तरी ऱ्हाऊ द्या तिला."

यावर निकिता काहीतरी ठामपणे म्हणेल, असं तुम्हाला वाटत असेल. ती म्हणाली, "मी पण रात्रभर तोच विचार करत होते." तिला कोण काय बोलणार. पोरगी मनानं चांगली होती, आणि वाईट करायला निघालेल्या माणसापेक्षा चांगल्या मनानं खोटं बोलायला निघालेल्या माणसाला अडवणं अवघड असतं.

चांगुणा शेडच्या बाहेर आली.

"नळीतल्या गॅसचं मंग काय हुतंय?" तिनं निकिताला विचारलं. "संपतो का न्हाई?"

"संपतो मावशी. पण थोडा. चार थेंबांइतकाच. आणि तेही पेट्यांमधलं लिंबू पुरतं गेल्याशिवाय मी छातीठोक सांगू शकत नाही."

"मंग काढू की लिंबू."

"वहिनी, तुमी ह्यात पडू नका," बिभीषण म्हणाला. "मी आन मॅडम बघतो काय करायचं ते."

चांगुणानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग यायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

"भाऊजी, त्या दिशी टाकीचा आकडा कोनी लिव्हला हुता?"

टाकीत माणूस उतरवण्याआधी दोरीला मीटर बांधून तळाला सोडायचं, हवा किती आहे ते बघायचं आणि वहीत लिहून सही करायची, असा तिथला नियम.

"म्या त्येंचा डबा आन पिशवी न्ह्यायला आले हुते," चांगुणा म्हणाली. "मीटर तुमच्या कपाटात हुतं. सेल काढून ठिवल्याली. आन वहीत आकडा हुता."

"रोज तोच येत हुता, वहिनी," बिभीषण म्हणाला. "रोज. एक दिस बी बदलला न्हवता. सेल आनायला मानूस धाडला हुता म्या. म्हनलं, तवर..."

तो खाली विटांच्या ढिगावर बसला. निकिता दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. बाई कोण, ते तिला मागंच कळलं होतं, पण हे कळलं नव्हतं. हे कुणालाच कळलं नव्हतं. दोन वर्षं ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांना पेढा देत-घेत होते.

"मला तवा बी काय वाटलं न्हाई आन आत्ता बी वाटत न्हाई," चांगुणा म्हणाली. "तुमाला मी काय बोलत न्हाई. पन ह्यो आकडा मला खरा पायजे. लई न्हाई निघाला तर न्हाई."

मग ती पेट्या उघडायला लागली. थोड्या वेळानं निकिताही आली. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मागवले, पाणी गरम केलं, आणि दोघींनी बत्तीसच्या बत्तीस पेट्या, झाकणं, पत्रे सगळं तीन-तीनदा धुतलं. नायट्रोजन सोडून पाहिलं तर दोन थेंब. पुन्हा धुतलं. पाण्यानं चांगुणाच्या हातांना भेगा पडल्या. चौथ्या दिवशी नायट्रोजनवर शून्य आलं. काचांवर पुन्हा पांढरट झाक यायला लागली होती, पण शून्य आलं.

समिती आली. दोन पुरुष, एक बाई, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या. निकितानं त्यांना लिंबासकट सगळं सांगितलं, आपणच विचारायला विसरलो हेही सांगितलं. त्यातले वयस्कर होते ते हसले आणि म्हणाले, की यातून त्यांनाही एक गोष्ट शिकायला मिळाली. मग यंत्रानं दिवसाचा आकडा दिला. चार थेंब. काम खरं आहे, पण फार थोडं आहे, असं बाई म्हणाल्या. चहा झाला. मार्चअखेर बंद करायचं, असं ठरून ती मंडळी गाडीत बसली. बिभीषण त्या दिवशी रजेवर होता.

पाच वाजता रानात दोघीच उरल्या. निकिताच्या हातात ती लहान बाटली होती.

"ह्यात लिंबू न्हाई?" चांगुणानं विचारलं.

"नाही. हे सगळं नळीतल्या गॅसचं."

चांगुणानं बाटली हातात घेतली. आत पाण्यासारखंच काहीतरी, तळ जेमतेम ओला.

"मॅडम, एक इचारू? समदी म्हनत्यात, त्येंना काय कळलंच न्हाई. झोपंत गेल्यावानी गेलं. खरं हाय का?"

निकिताला खोटं बोलता आलं असतं, आणि चार दिवसांपूर्वी ती बोललीही असती.

"नाही मावशी. तो गॅस इतका दाट असला, की पहिल्या श्वासाला घशात, नाकात चरचरतं. माणसाला कळतं. दुसऱ्या श्वासाला डोळ्यांपुढं अंधारी येते. तिसरा घेतला तरी त्याचा त्याला पत्ता नसतो."

"म्हंजी येक श्वास कळला."

"हो. एक."

चांगुणानं मान हलवली. बाटली उन्हाकडे धरली.

"त्या येका श्वासात गॅस किती असंल? थेंबात सांगा."

निकितानं मोबाईल काढला, आकडे घातले, पुन्हा तपासले. "टाकीच्या तळाला असतो तेवढा धरला, तर पाच थेंबांचा."

"आन आज चार झालं."

"चार."

"मंग येक ऱ्हायला," चांगुणा म्हणाली. "तेवढा येकच श्वास मला काढायचाय त्येंचा. बाकीचं त्येंना कळलं न्हाईत."

निकितानं तोंड फिरवून डोळे पुसले. मग म्हणाली, "उद्या लवकर सुरू करू. अकरापर्यंत होईल."

दुसऱ्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं. निकिता आठालाच आली, चांगुणा तिच्याही आधी आली होती आणि पेट्या भरून तयार होत्या. गॅसची चावी सोडली. डिस्टिलरीची पाळी बदलली, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग काट्याकडे सरकत राहिली, आणि त्या दोघी पेट्यांपाशी उभ्या राहिल्या. अकराच्या सुमाराला निकितानं यंत्रावर मोजलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "मावशी, पाच झाले."

चांगुणा होती तिथंच खाली मातीत बसली. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि तो तिला बाहेर सोडवेना. मग जो आवाज निघाला, तो ऐकून डिस्टिलरीतली माणसं हातातलं काम टाकून धावत आली. काय झालं, काय झालं, सगळे निकिताला विचारत होते. कुणी म्हणालं, बाईला ऊन लागलं. निकितानं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. काय झालं ते तिला ठाऊक होतं. अकरा वाजून गेले होते, आणि चांगुणाचा नवरा आत्ता गेला होता.